केनेडी, लेसी, खोसला आणि आमची कोरडी चारी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित प्रत. बोलताना मी जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात एका परीक्षेपासून करतो. बी.टेक. सिव्हिलच्या सातव्या सेमिस्टरला आम्हाला वॉटर रिसोर्सेस इंजिनिअरिंग हा विषय होता. मराठीत जलसंपदा अभियांत्रिकी. त्यात एक प्रश्न हमखास यायचा. 'केनेडी आणि लेसी यांच्या सिद्धांतांतला फरक स्पष्ट करा.' सात मार्क. आमच्या हॉस्टेलवर या प्रश्नाची एक झेरॉक्स फिरायची. डावीकडे केनेडी, उजवीकडे लेसी, मधे रेघ आणि सहा मुद्दे. मी ती रात्री दोन वाजता पाठ केली, सकाळी उतरवली आणि संध्याकाळी विसरलो. विषय सुटला. मग आमच्या वर्गातल्या बहुतेकांसारखा मीही आयटीत आलो. आज मी सर्व्हरवर येणाऱ्या रिक्वेस्टचं वाटप बघतो. पाण्याच्या वाटपाशी माझा संबंध संपला होता.

म्हणजे, मला तसं वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गावी गेलो होतो. आमचं शेत कालव्याच्या लाभक्षेत्रात येतं, म्हणजे कागदावर येतं. सातबाऱ्यावर बागायत आहे, शेतापर्यंत चारी आहे, पण आम्ही चारीच्या शेपटाला. उन्हाळी आवर्तन सुटलं की वरच्या गावांत ऊस डोलतो आणि आमच्याकडे चारीत शेरडं चरतात. त्या संध्याकाळी आजोबा, म्हणजे आमचे आबा, चारीच्या कडेला बसले होते. मला म्हणाले, "तू कॉलेजात पाण्याचंच शिकलास ना रे? मग सांग की, आपल्या चारीला पाणी का येत नाही?"

मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. केनेडी आठवला. लेसी आठवला. पण या चारीबद्दल बोलावं असं एक वाक्यही नाही.

आबा हसले. "राहू दे. नोकरी चांगलीये ना?"

ते 'राहू दे' मला फार लागलं. पुण्यात परत आलो आणि माळ्यावरची वही काढली. त्यात नुसती नावं होती. डिकेन्स, केनेडी, लेसी, ब्लाय, खोसला, इंग्लिस. चार वर्षं मी ही नावं लिहिली आणि ही माणसं कोण, त्यांना हे प्रश्न का पडले, हे एकदाही विचारलं नव्हतं. तर आजचा भाग त्यावर आहे. पाण्याचं इंजिनिअरिंग आपल्या देशात कॉलेजात शिकवायला कधी लागले, का लागले, आणि आबांचा प्रश्न त्या अभ्यासक्रमातून कुठे गळाला.

दुष्काळातून निघालेलं कॉलेज

गोष्ट सुरू होते उत्तरेत. १८३७-३८ साली गंगा-यमुनेच्या दुआबात भयंकर दुष्काळ पडला. आग्र्याचा दुष्काळ म्हणून तो ओळखला जातो. साधारण आठ लाख माणसं त्यात गेली असा अंदाज दिला जातो. माणसं मेली तसा कंपनी सरकारचा शेतसाराही बुडाला, हेही लक्षात ठेवा. गंगेचं पाणी हरिद्वारजवळून काढून दुआबात न्यायचं, या कल्पनेला त्यानंतर जोर आला. हे काम अंगावर घेतलं प्रोबी कॉटली नावाच्या अधिकाऱ्याने. हा माणूस मूळचा तोफखान्यातला. कालव्याचं शिक्षण त्याला कुठल्या विद्यापीठाने दिलेलं नव्हतं. तो जुन्या कालव्यांच्या दुरुस्तीवर काम करता करता शिकला.

१८४२ साली खोदाई सुरू झाली आणि लगेच एक अडचण समोर आली. एवढ्या मोठ्या कामाला मोजणी करणारी, नकाशे काढणारी, हिशोब ठेवणारी माणसं आणायची कुठून? दर वेळी विलायतेहून बोलावणं परवडणारं नव्हतं. म्हणून कालव्याच्या कामाजवळच, रुडकीला, १८४७ साली कॉलेज काढलं. त्या प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स थॉमसन यांच्या पुढाकाराने ते उभं राहिलं आणि पुढे त्याला त्यांचंच नाव मिळालं. आज आपण त्याला आयआयटी रुडकी म्हणतो.

हे मला फार आवडलं. आपल्याकडे आधी कॉलेज होतं, मग इंटर्नशिप. तिथे आधी काम निघालं आणि त्याच्या पोटातून कॉलेज जन्माला आलं. रुडकीला सोलानी नदी आडवी येते. तिच्यावरून अख्खा कालवा न्यायचा होता, म्हणून पंधरा कमानींचा जलसेतू बांधला. त्याच्या भरावासाठी माती ओढायला १८५१ साली तिथे वाफेचं इंजिन चाललं. बोरीबंदर ते ठाणे ही प्रवासी गाडी १८५३ ची, म्हणजे त्याच्याही नंतरची! अशा कामाच्या शेजारी बसून पोरं शिकत होती. एप्रिल १८५४ मध्ये कालव्यात पाणी सुटलं.

आणि पाणी सुटल्यावर चूक दिसली. कॉटलीने कालव्याला दिलेला उतार जास्त झाला होता. वेग काढायची सूत्रं युरोपातली होती, जमीन दुआबातली भुसभुशीत. पाणी ठरल्यापेक्षा जोरात धावलं, तळ खरवडला गेला, आणि जिथे कालव्याची पातळी खाली उतरवली होती तिथल्या बांधकामांना इजा झाली. दक्षिणेत गोदावरीवर काम केलेल्या आर्थर कॉटनने यावरून कॉटलीवर कडक टीका केली आणि दोघांचा वाद खूप गाजला.

थोडक्यात, पुस्तकातलं सूत्र आणि पायाखालची माती यांचं पटलं नाही. पुढची ऐंशी वर्षं आपल्याकडे पाण्याचं जे शास्त्र वाढलं, ते बरंचसं या न पटण्यातून वाढलं.

आणि आपलं पुणं

१८५४ हे साल पुण्यासाठीही महत्त्वाचं आहे. त्याच वर्षी पुण्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झालं. त्यातूनच पुढे आपलं सीओईपी झालं. उद्देश स्पष्ट होता. इमारती, धरणं, कालवे, रेल्वे, पूल अशा सरकारी कामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करायचे.

'दुय्यम' या शब्दावर जरा थांबा. त्या काळी ही उतरंड उघड होती. वरचा साहेब इंजिनिअर शक्यतो विलायतेचा. त्याच्यासाठी १८७१ साली लंडनजवळ कूपर्स हिलला वेगळं कॉलेजच काढलं आणि ते १९०६ पर्यंत चाललं. त्याखाली इथे शिकलेले ओव्हरसियर, सर्व्हेयर. त्याखाली मजूर. आणि ज्याच्या नावाने हे सगळं चाललंय तो शेतकरी? तो या शिडीवर कुठेच नव्हता. तो पाणीपट्टी भरणारा.

माझ्या मते आबांचा प्रश्न इथेच पहिल्यांदा गळाला. हे शिक्षण सुरू झालं तेच कालवा बांधायला माणसं हवी होती म्हणून. पाणी कुणाला कसं पोचतं, हे शिकायला कुणी कॉलेज काढलं नव्हतं.

पुण्याजवळ मुठेवर खडकवासल्याचं धरण १८७९ ला पूर्ण झालं. कर्नल फाईफ हा त्यामागचा इंजिनिअर, म्हणून तलावाला बराच काळ लेक फाईफ म्हणत. पुढची तारीख नीट ऐका. १८८३. त्या वर्षी म्हैसूर संस्थानातून आलेला एक हुशार मुलगा पुण्याच्या कॉलेजातून इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिला आला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. आणि त्याच वर्षी, त्याच पुण्यात, महात्मा जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते.

फुल्यांना आपण समाजसुधारक म्हणून ओळखतो, पण त्यांनी बांधकामाची कंत्राटंही घेतली होती आणि मांजरीला कालव्याच्या पाण्यावर शेती करून दाखवली होती. म्हणजे पाण्याची त्यांची माहिती ऐकीव नव्हती. असूडात ते कालवा खात्याच्या कारभारावर तुटून पडतात आणि सोबत उपायही सांगतात. सरकारने पलटणीतल्या आणि पोलिसातल्या मोकळ्या माणसांकडून जागोजाग तालीवजा बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी शेतात मुरून मग ओढ्या-नाल्यांना मिळेल. आज आपण ज्याला मोठ्या थाटात पाणलोट विकास म्हणतो, त्याच्या फार जवळचं हे आहे.

एकाच शहरात, एकाच वर्षी पाण्याचा दोन बाजूंनी विचार चालला होता. एक धरणाच्या बाजूने, एक शेताच्या बाजूने. आमच्या अभ्यासक्रमात पहिली बाजू आली. दुसरी मी सिलॅबसबाहेर, नोकरीला लागल्यावर वाचली.

वहीतली नावं म्हणजे पत्ते आहेत

आता त्या झेरॉक्सकडे येऊ. ही सगळी सूत्रं एकेका जागेवरून आलीत. जवळजवळ प्रत्येक नाव म्हणजे एक पत्ता आहे.

डिकेन्स घ्या. १८६५ चं सूत्र. नदीला जास्तीत जास्त पूर किती येईल, याचा अंदाज पाणलोट क्षेत्रावरून काढायचा. त्यात एक गुणांक असतो. उत्तरेच्या सपाट मैदानासाठी पुस्तकं तो ६ धरायला सांगतात. समजा पाणलोट १०० चौरस किलोमीटर आहे. मग पूर येतो सेकंदाला साधारण १९० घनमीटर.

आता तेवढंच क्षेत्र सह्याद्रीत घ्या आणि इंग्लिसचं सूत्र लावा. उत्तर येतं सेकंदाला सुमारे ११८० घनमीटर. सहा पटींहून जास्त! दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दर सेकंदाला ११८ टँकर. क्षेत्र तेवढंच, पण आपला पाऊस वेगळा, आपला उतार वेगळा. म्हणून आपल्या घाटाला स्वतःचं सूत्र लागलं.

हा इंग्लिस कोण? क्लॉड इंग्लिस, मुंबई इलाख्याच्या सिंचनाच्या कामातला इंजिनिअर. १९१६ साली इलाख्याने सिंचनाच्या प्रश्नांसाठी एक खास विभाग काढला. पुढे त्याचं कामकाज खडकवासल्याला हललं, कारण तिथे धरणाखाली प्रयोगांना लागणारं वाहतं पाणी आयतं मिळत होतं. नदीचं छोटं मॉडेल जमिनीवर बांधायचं, त्यात पाणी सोडायचं आणि बघायचं. तीच आजची सीडब्ल्यूपीआरएस, केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा. इंग्लिस इथे वर्षानुवर्षं राबला आणि नंतर इंग्लंडमध्ये वॉलिंगफर्डला जी जलसंशोधन संस्था उभी राहिली तिचा पहिला संचालक झाला. म्हणजे खडकवासल्याला शिकलेलं ज्ञान उलट विलायतेला गेलं. मी कॉलेजात असताना त्या संस्थेवरून कितीदा तरी सिंहगडाला गेलो असेन. गेटवरची पाटी एकदाही वाचली नाही.

आता केनेडी. पंजाबात रावीवरून निघणारा अपर बारी दोआब कालवा. तिथल्या कालव्यांचं दुखणं गाळ. वेग कमी पडला की गाळ बसतो, जास्त झाला की तळ खरवडतो. केनेडीने काय केलं? जिथे वर्षानुवर्षं गाळही बसला नाही आणि तळही उकरला गेला नाही अशा जागा शोधल्या आणि तिथली खोली आणि वेग मोजला. चालणाऱ्या कालव्यालाच विचारलं की बाबा, तू कसा चालतोस? १८९५ ला त्याने ते मांडलं. लेसी आला १९३० ला. तो म्हणाला, नुसती खोली धरून चालणार नाही, गाळाच्या कणाचा आकारही धरा. कालवा रुंदी, खोली, उतार सगळं स्वतः जुळवून घेत असतो.

झाला फरक स्पष्ट. एवढं जर कुणी मला तेव्हा सांगितलं असतं, तर ती झेरॉक्स लागली नसती.

शेवटचा पत्ता चिनाब नदीचा. वाळूवर बंधारा बांधला की पाणी त्याच्या खालून झिरपतं. त्याच्या दाबाने फरशी उचलली जाते, नाहीतर खालच्या बाजूने वाळू वाहून जाते आणि पाया पोकळ होतो. १८९५ साली चिनाबवरचा खानकीचा बंधारा असा गेला. तेव्हा रुडकीच्या कॉलेजचे प्राचार्य कर्नल क्लिबॉर्न यांनी खानकीचीच वाळू घेऊन प्रयोग केले. त्यानंतर ब्लायने १९१० मध्ये एक सोपा नियम दिला की झिरपणारं पाणी बंधाऱ्याच्या बुडाला चिकटून जातं, म्हणून ती वाट पुरेशी लांब ठेवा. सगळ्यांनी तो वापरला. पण १९२६-२७ च्या सुमारास अपर चिनाब कालव्यावर त्या नियमाने बांधलेल्या सायफनना त्रास सुरू झाला. अयोध्यानाथ खोसला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फरशीत नळ्या घालून दाब मोजला. आकडे ब्लायशी जुळेनात. त्यातून १९३६ चा खोसला सिद्धांत आला. पाणी जिथून बाहेर पडतं तिथे ते किती जोराने वाळूला ढकलतं ते मोजा, आणि त्या टोकाला जमिनीत खोल पडदा घाला.

म्हणजे वहीच्या एका पानावर तुटलेला बंधारा, प्राचार्याचे प्रयोग, चुकीचा नियम आणि तो दुरुस्त करणारा भारतीय इंजिनिअर, एवढं सगळं होतं. मी त्यातली फक्त आकृती काढली, पेन्सिलने. आणि खोसला पुढे रुडकी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्याच काळात, १९५५ साली, तिथे जलसंपदा विकासाचं प्रशिक्षण केंद्र निघालं. आशिया-आफ्रिकेतल्या नव्याने स्वतंत्र होणाऱ्या देशांतले इंजिनिअर तिथे शिकायला यायचे. वॉटर रिसोर्सेस ही वेगळी विद्याशाखा म्हणून आपल्याकडे रुजायला लागली ती इथून.

बारा जुलै

अजून एक पान. 'मातीचं धरण फुटण्याची कारणं.' आम्ही तीन मथळे पाठ केलेले. जलीय, झिरपण्याची, संरचनात्मक. मी पुण्यातच शिकत होतो. आमचं हॉस्टेल, आमची मेस, सगळं मुठेच्या पाण्यावर. पण १२ जुलै १९६१ हा दिवस त्या पानावर कुणी लिहिला नाही.

पानशेतचं मातीचं धरण तेव्हा पूर्ण झालेलं नव्हतं. पाणी सोडण्याच्या मार्गाचं कामही पुरतं झालेलं नव्हतं. तरी त्या पावसाळ्यात धरणात पाणी चढलं. भराव खचायला लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो धरून ठेवायचा प्रयत्न केला. सकाळी धरण फुटलं. त्या लोंढ्यापुढे खालचं खडकवासलाही टिकलं नाही, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. जुन्या पुणेकर घरात 'पुराच्या आधी' आणि 'पुराच्या नंतर' असा काळ मोजतात तो याच पुरावरून.

त्या पोत्यांनी जी काही थोडी वेळ मिळाली, तिच्यामुळे फुटणं रात्रीवरून दिवसावर ढकललं गेलं. अंधारात झालं असतं तर काय, याचा विचार करा. हे जर त्या पानावर लिहिलेलं असतं, तर मला वाटतं आमच्यातल्या एखाद्याने तरी आयटीचा फॉर्म भरण्याआधी दोन मिनिटं विचार केला असता. मी केला असता का? खरं सांगतो, खात्री नाही. पण प्रश्न तरी समोर आला असता.

पाणी वाटणारी माणसं

मग पाणी वाटायचं कसं, याचा कुणी विचार केलाच नव्हता का? केला होता. दोन उदाहरणं सांगतो.

पहिलं कॉलेजच्या फार आधीचं. धुळे-नाशिककडची फड पद्धत. पांझरा, मोसम अशा नद्यांवर छोटे बंधारे, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे फड. एका फडात एकच पीक. गंमत अशी की शेतकऱ्याची जमीन शक्यतो वेगवेगळ्या फडांत विभागलेली असायची. पाणी कमी असलं की एखादा फड त्या वर्षी भिजवायचा नाही, म्हणजे तोटा एकाच्या माथी न पडता सगळ्यांना थोडा थोडा यायचा. पाणी सोडायला पाटकरी, जागले अशी माणसं गाव नेमायचं. शेतकऱ्याने स्वतः बारं धरायचं नाही.

दुसरं विश्वेश्वरय्यांचं. नोकरीच्या सुरुवातीला ते याच खानदेशात होते. पुढे पुण्याकडे सिंचनाचं काम बघताना त्यांनी ब्लॉक पद्धत मांडली. कालव्यावरच्या प्रत्येक गावाला ठरावीक जमिनीचे ब्लॉक, त्यात उसासारखं तहानलेलं पीक आळीपाळीने, बाकी कमी पाण्याची पिकं. सगळं पाणी कालव्याच्या तोंडाशी असलेल्या चार गावांच्या उसात न मुरता लांबवर पोचावं, हा त्यातला हेतू. विश्वेश्वरय्या म्हटलं की आपण खडकवासल्याची स्वयंचलित दारं सांगतो. ती खरीच भारी होती, १९०३ च्या सुमाराची, आणि दरवर्षी १५ सप्टेंबरला त्यांचे फोटो सगळ्यांच्या स्टेटसला असतात. ब्लॉक पद्धत कुणाच्या स्टेटसला मी अजून पाहिलेली नाही.

देशात पाहायला गेलं तर नावंही बदलली. १९८५ मध्ये केंद्रात सिंचन मंत्रालयाचं जलसंपदा मंत्रालय झालं. पाठ्यपुस्तकांची नावंही इरिगेशनवरून वॉटर रिसोर्सेसकडे सरकली. आपल्याकडे १९८० मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, वाल्मी निघाली. पाण्याचं व्यवस्थापन शिकवायलाच काढलेली संस्था. आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नाशिक जिल्ह्यात, ओझर भागात, वाघाड प्रकल्पावर पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. सुरुवात कुणी केली माहितीये? शेपटाकडच्या शेतकऱ्यांनी. ज्यांना पाणी येत नव्हतं त्यांनी. त्यांनी सरकारकडून पाणी मोजून घेतलं आणि आपसात वाटलं. पुढे अख्ख्या प्रकल्पाचं पाणी शेतकरी सांभाळायला लागले. २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आला.

आबांचं उत्तर

त्या मे महिन्यानंतर दिवाळीत मी परत गेलो. आवर्तन सुरू होतं. मी आणि आबा सकाळी चारीच्या शेपटापासून वर चालत निघालो. मी मोबाईलवर फोटो काढत होतो, जीपीएसवर जागा टिपत होतो, वहीत लिहीत होतो.

साधारण चार किलोमीटर चाललो. पहिल्या किलोमीटरला चारीत गाळ आणि त्यावर गुडघाभर गवत. पाणी कमी येतं म्हणून वेग कमी, वेग कमी म्हणून गाळ, गाळ म्हणून अजून कमी पाणी. हा केनेडी. पुढे अस्तर फुटलेलं, शेजारच्या ओढ्यात पाणी झिरपत होतं. वर गेलो तर तीन ठिकाणी चारीच्या भिंतीतून पाइप काढलेले, आणि एका ठिकाणी थेट मोटर. तिथला माणूस आबांना ओळखत होता. त्याने चहा विचारला. आबा म्हणाले, "नको, घरी जायचंय." आणि आम्ही पुढे गेलो.

तेव्हा मला उत्तर सापडलं. घरी आल्यावर वहीत काढून दाखवलं. "आबा, यातलं काही पाणी गाळ खातो, काही झिरपतं. ते इंजिनिअरिंगने सुटेल. पण मोठा भाग वरचे लोक घेतात. शेजपाळीत शेपटाकडून आधी पाणी द्यायचं सांगतात, तसं इथे होत नाही. त्याला सूत्र नाही. त्याला आपण खालच्या लोकांनी मिळून पाणी मोजून मागायला लागेल."

आबा बराच वेळ वहीकडे बघत होते. मग म्हणाले, "हे तर मला माहीत होतं."

मी म्हटलं, "मग मला का विचारलंत?"

"म्हटलं, बघू, तुला शिकवलंय का."

मंडळी, मी अजून आयटीतच आहे. नोकरी सोडून गावी गेलो, असा शेवट नाहीये याला. आमच्या चारीवरच्या बावीस खातेदारांनी मिळून अर्ज केलाय. त्याचं टायपिंग मी केलं, नकाशा मी काढला, सात नंबरच्या फॉर्मच्या झेरॉक्सही मीच काढल्या. या वेळची झेरॉक्स तरी कामाला आली. संस्था अजून झालेली नाही. मोटरवाल्याने आबांशी बोलणं टाकलंय, आणि याचं आबांना वाईट वाटतं हेही मी बघतोय.

तुमच्यातले काही जण आत्ता सातव्या सेमिस्टरला असतील. परीक्षेच्या आदल्या रात्री हा भाग ऐकत असाल तर एक विनंती. झेरॉक्स पाठ करा, सात मार्क सोडू नका. फक्त प्रत्येक नावासमोर समासात त्याचा पत्ता लिहा. केनेडी, रावी. खोसला, चिनाब. इंग्लिस, खडकवासला. आणि खाली एक ओळ रिकामी ठेवा, तुमच्या गावच्या चारीसाठी, ओढ्यासाठी, नाहीतर सोसायटीत येणाऱ्या टँकरसाठी. ती ओळ कुठलंही विद्यापीठ भरून देत नाही.

मागच्या आठवड्यात आबांचा फोन आला होता. मी विचारलं, "पाणी आलं का?"

"आलं. रात्री दीडला. पाऊण तास."

"मग?"

"मग काय, उठून बारं दिलं. अर्धा एकर भिजलं. तू ते वहीत लिही."

लिहिलंय, आबा. तारखेसकट.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, राम राम!